कोल्यावर ४० टक्के, आंब्यावर ५: असल्या कराने तब्येत सुधारते का?

रानजाई | रविवार, रात्री १०:४०

मागच्या आठवड्यात भाच्याचा सहावा वाढदिवस झाला. क्लबहाऊसमध्ये पंचवीस पोरं आणि वहिनीचा सक्त हुकूम: कोल्ड्रिंक दिसता कामा नये, पोरांना फक्त 'ज्यूस'. मी आणि दादा सुपरमार्केटमधून आंब्याच्या पेयाचे दोन खोके घेऊन आलो. दादाने मोठ्यांसाठी कोल्याच्या दोन बाटल्याही गुपचूप टाकल्या आणि केकच्या रिकाम्या खोक्यामागे दडवल्या.

पोरं फुगे फोडण्यात दंग असताना मी चष्मा लावून दोन्हींवरचं बारीक अक्षर वाचत बसले. कोल्यात १०० मिलीला साडेदहा ग्रॅम साखर. 'ज्यूस'मध्ये साडेतेरा. आता त्या गुपचूप आणलेल्या बाटल्यांवरून दादाला बोलावं की खोक्यांवरून वहिनीला, हेच कळेना. शेवटी केक खाल्ला.

घरी येऊन बिल काढलं. तळाशी कराचा तक्ता असतो, तो मी जन्मात कधी वाचला नव्हता. कोल्यावर ४० टक्के जीएसटी. आंब्यावर ५. शोधल्यावर कळलं की २२ सप्टेंबर २०२५ पासून हे दर आलेत, आणि त्याआधी आंबा १२ टक्क्यांत होता. म्हणजे ज्यात साखर जास्त त्याचाच कर उतरवला.

मेक्सिकोबद्दल पूर्वी वाचलं होतं. तिथे १ जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरला १ पेसो कर बसला, भाव साधारण १० टक्क्यांनी वाढले. पहिल्या वर्षात खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली, डिसेंबर येईपर्यंत घट १२ टक्क्यांवर गेली. गरीब घरांत त्याहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये सांगितलं की करामुळे किंमत २० टक्के तरी वाढली पाहिजे. आपल्याकडे तर ४० टक्के आहे! या हिशेबाने आपण जगाचे गुरुजी व्हायला हवं होतं. मग माझ्या सोसायटीच्या कचऱ्यात दर सोमवारी प्लास्टिकच्या बाटल्यांचा डोंगर का असतो?

हा कर खरंच तब्येतीसाठी असतो का? आणि असला तर लागू पडतो का?

---

कडूजिरं | रविवार, रात्री १०:५२

तिजोरीसाठी असतो. पुढचा प्रश्न?

---

भटकभवानी | रविवार, रात्री ११:०५

वहिनींना हा धागा दाखवू नका.

---

हिशेबनीस | सोमवार, सकाळी ८:१५

रानजाई, धागा चांगला आहे पण शीर्षकापेक्षा खरी गंमत जास्त आहे. रोज याच दरांशी झटापट करतो म्हणून सांगतो.

हा कर बुडबुड्यांवर आहे असं लोक म्हणतात, ते तंतोतंत खरं नाही. साधा सोडा, ज्यात साखर नाही, गोडवा नाही, स्वाद नाही, तो आता ५ टक्क्यांत आहे. त्याच सोड्यात साखर घातली की ४०. साखर न घालता कृत्रिम गोडवा घातला तरी ४०. नुसता लिंबाचा स्वाद दिला तरी ४०. आता फळाच्या गरापासून केलेलं पेय घ्या. बुडबुडे नसतील तर ५, मग आत साखर कितीही असो. त्याच आंब्यात गॅस सोडला की ४०.

या पूर्ण रचनेत 'किती ग्रॅम' हा प्रश्न कुठेच विचारलेला नाही.

याला इतिहास आहे. २०१४ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी साखर घातलेल्या सोडायुक्त पेयांवर ५ टक्के जादा अबकारी बसवली होती. तिथे निदान साखर हा शब्द तरी होता. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये अरविंद सुब्रमण्यम समितीने पानमसाला, तंबाखू आणि आलिशान गाड्यांच्या पंगतीत कोल्ड्रिंक बसवून ४० टक्के सुचवले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा २८ टक्के अधिक १२ टक्के भरपाई उपकर, बेरीज तीच ४०. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला आणि सरळ ४० झाले. थोडक्यात, कोल्यावरचा कर वाढलेलाच नाही, नाव बदललंय. 'पापकर' म्हणतात याला. पाप ठरवताना कुणी साखर मोजलेली नाही.

---

रानजाई | सोमवार, सकाळी ९:०२

>> त्याच आंब्यात गॅस सोडला की ४०.

हे वाचून चहा नाकातून आला. दुरुस्तीबद्दल आभार, शीर्षक तसंच ठेवते. म्हणजे शुगर-फ्री कोला आणि साखरेचा कोला दोघांना एकच कर?

---

हिशेबनीस | सोमवार, सकाळी ९:१०

एकच.

---

टेम्सकाठी | सोमवार, दुपारी २:३०

मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मी इंग्लंडात अकरा वर्षं आहे आणि हा प्रकार डोळ्यांदेखत घडलेला पाहिलाय.

मार्च २०१६ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी जाहीर केलं की एप्रिल २०१८ पासून कर लागेल. १०० मिलीला ५ ग्रॅमच्या आत साखर असेल तर शून्य. ५ ते ८ च्या मध्ये लिटरला १८ पेन्स. ८ आणि वर २४ पेन्स. आणि मध्ये दोन वर्षांची सवड. ही सवड फार महत्त्वाची, कारण निरोप गिऱ्हाइकासाठी नव्हताच. निरोप कारखान्यातल्या सरबत कालवणाऱ्याला होता: पाचच्या खाली ये, तुला काही भरावं लागणार नाही.

आणि ते आले. कर लागायच्या आधीच आले. लुकोझेड, रायबीना, सगळ्यांनी पाककृती बदलल्या. आमच्या ऑफिसात एक स्कॉटिश गृहस्थ आहेत, त्यांचा जीव की प्राण म्हणजे 'आयर्न ब्रू' नावाचं केशरी पेय. त्यात साखर १०.३ वरून ४.७ ग्रॅमवर आणणार अशी बातमी आली आणि या माणसाने गॅरेजमध्ये जुन्या चवीचे खोके रचून ठेवले. बायकोची सायकल बाहेर पावसात. तो एकटाच नव्हता, स्कॉटलंडभर लोक साठा करत होते, पेपरात फोटो यायचे. कोकने मात्र मूळ चव सोडली नाही, कर भरला.

आता यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. सरकारचा पहिला अंदाज होता वर्षाला ५२ कोटी पौंड मिळतील. कंपन्यांनी साखर कमी केल्यावर तो अंदाज उतरत उतरत २४ कोटींवर आला. निम्म्याहून कमी! कडूजिरं यांच्या हिशेबाने हा कर सपशेल आपटला. पण आधी बाजारातल्या जवळजवळ निम्म्या पेयांत ५ ग्रॅमच्या वर साखर होती, आणि २०१९ च्या सुरुवातीला ते प्रमाण १५ टक्क्यांवर आलं होतं. लोक पीत होते तेवढंच पीत राहिले, पोटात साखर कमी जाऊ लागली.

दुधाच्या गोड पेयांना तेव्हा सूट दिली होती. आता २०२८ पासून ती सूट जाणार आणि मर्यादा ५ वरून साडेचारवर येणार, असं जाहीर झालंय.

---

कडूजिरं | सोमवार, दुपारी २:४१

>> कडूजिरं यांच्या हिशेबाने हा कर सपशेल आपटला.

हे मान्य. पण साखर काढून काय घातलं? कृत्रिम गोडवा. त्यावर बोला.

---

टेम्सकाठी | सोमवार, दुपारी ३:१०

हो, तेच घातलं. तुमचा मुद्दा रास्त आहे. वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडव्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये म्हटलंच आहे. मी स्वतः ते पीत नाही, जिभेवर नंतर पत्रा चाटल्यासारखं वाटतं.

---

वजनदार | सोमवार, रात्री ९:२०

आयडीवरून माझा या विषयातला अधिकार कळलाच असेल. पोटापाण्यासाठी आकडेवारीचं काम करतो, म्हणून जरा पाणी ओततो.

खरेदी घटणं वेगळं आणि तब्येत सुधारणं वेगळं. मेक्सिकोत खरेदी घटली हे पक्कं. लठ्ठपणा? तो काही लक्षात येईल इतका उतरलेला दिसला नाही. माणूस कोला सोडून गोड बिस्किट खायला लागला तर दुकानाच्या पावतीत यश दिसतं, कमरेच्या पट्ट्यात दिसत नाही.

इंग्लंडचा पुरावा त्यातल्या त्यात बरा. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये शाळांतल्या मुलांची वजनं पाहिली. १० ते ११ वर्षांच्या मुलींमध्ये लठ्ठपणा, कर नसता तर जेवढा असता त्यापेक्षा ८ टक्क्यांनी कमी निघाला. वर्षाला सुमारे ५,२०० मुली. गरीब वस्त्यांत परिणाम जास्त. छान. पण त्याच वयाच्या मुलग्यांत? काही नाही. ४-५ वर्षांच्या पोरांत? काही नाही. शिवाय 'कर नसता तर' ही तुलना आधीच्या वर्षांचा कल पुढे ओढून केलेली असते, कर नसलेलं दुसरं इंग्लंड कुठून आणणार?

मी कराच्या विरोधात नाही. त्याने मधुमेह आटोक्यात येतो असं कुणी छातीठोक सांगू लागलं की मला खाज सुटते, इतकंच. १५ वर्षांनी विचारा.

---

दंतकथा | सोमवार, रात्री ११:४५

१५ वर्षं थांबायची गरज नाही, दात लवकर बोलतात. (मी मुलांची दातांची डॉक्टर, नाशिक.)

इंग्लंडात कर लागल्यावर कीड लागलेले दात काढण्यासाठी १८ वर्षांखालच्या मुलांचं रुग्णालयात भरती होणं १२ टक्क्यांनी घटलं, असा अभ्यास २०२३ मध्येच आला. चार वर्षांपर्यंतच्या पोरांत घट आणखी जास्त. भरती का, तर एवढ्या लहानग्याचे पाच-सहा दात जागेपणी काढता येत नाहीत, पूर्ण भूल द्यावी लागते.

माझ्याकडे काय येतं ते सांगते. गेल्या आठवड्यात साडेतीन वर्षांचा मुलगा. वरचे पुढचे चारही दात काळे, हिरडीपाशी मोडलेले. खालचे पुढचे दात मात्र स्वच्छ पांढरे. हे चित्र बघितलं की मी आईला पहिला प्रश्न विचारते, "झोपताना बाटलीत काय देता?" बाटली तोंडात धरून मूल झोपतं तेव्हा खालच्या दातांवर जीभ असते, ती त्यांना झाकते. वरचे रात्रभर पाकात भिजत राहतात. या आईने सांगितलं, "दूध पीत नाही हो, म्हणून आंब्याचा ज्यूस देते. कोल्ड्रिंक आम्ही घरात आणतच नाही."

रानजाई, तुमच्या वहिनी एकट्या नाहीत.

---

भटकभवानी | सोमवार, रात्री ११:५८

अरे देवा. विनोद मागे घेते.

---

ऊसकरी | मंगळवार, सकाळी ६:३०

शहरातली मंडळी साखरेवर कर लावायला लगेच उठतात. आमच्याकडं ऊस तोडून कारखान्याच्या दारात ट्रॉली दोन दोन दिवस उभी असते, ते कोण बघत नाही. एफआरपीची (सरकारनं ठरवलेल्या ऊसदराची) बाकी, तोडीचा खर्च, वाहतूक कापून हातात काय राहतं ते करवीरला येऊन बघा. साखर विकली नाही तर कारखाना आम्हाला पैसे कुठनं देणार? या देशात साखर नुसती चहात जात नाही, निम्म्याहून जास्त मिठाई, बिस्किटं, कोल्ड्रिंकवाले उचलतात.

आणि उद्या रसवंतीवर पण बसवणार काय कर? घुंगराला जीएसटी?

---

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ८:४०

घुंगराचा दर बघून सांगतो.

ऊसकरी, तुमची भीती खोटी नाही, पण एक बाजू तपासा. आज कोल्याच्या कंपनीने साखर अर्ध्यावर आणली तरी तिला ४० टक्केच भरायचे आहेत. म्हणजे सध्याचा कर तुमच्या गिऱ्हाइकाला साखर कमी करायला सांगतच नाही. साखर-लॉबीने मनापासून मागावा असा कर आहे हा! ग्रॅमवर कर आला तर खरा फटका बसेल. दक्षिण आफ्रिकेत बघा, तो देशही ऊस पिकवतो. एप्रिल २०१८ मध्ये तिथे १०० मिलीत ४ ग्रॅमच्या वर जेवढी साखर, तेवढ्यावर ग्रॅममागे २.१ सेंट कर बसला. तिथल्या ऊसवाल्यांनी जोरदार बोंब मारली, आणि ती पोटातून होती.

---

ऊसकरी | मंगळवार, दुपारी १:१५

मग ते इथेनॉलचं काय ते आधी नीट लावा, मग ग्रॅम मोजा. रसाचा ग्लास काय कोल्यापेक्षा कमी गोड नसतो, ते मला म्हाईत आहे. पण आम्ही तो रोज पीत नाही. पाहुणे आले की पितो.

---

फिलीकर | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

आमच्या फिलाडेल्फियात १ जानेवारी २०१७ पासून औंसाला दीड सेंट कर आहे. म्हणजे दोन लिटरच्या बाटलीवर जवळपास एक डॉलर. इथे शुगर-फ्रीलाही सूट नाही, कारण तेव्हाचे महापौर जिम केनी यांनी पहिल्यापासून खरं ते सांगितलं: बालवाड्या चालवायला, बागा-ग्रंथालयं दुरुस्त करायला पैसे हवेत. आरोग्याचं नाव पुढे केलंच नाही फारसं.

पहिल्या वर्षात शहरातल्या मोठ्या दुकानांतली विक्री ५१ टक्क्यांनी पडली. टाळ्या वाजवायच्या आधी ऐका: शहराच्या हद्दीबाहेरच्या दुकानांत ती वाढली. ते वजा केल्यावर खरी घट ३८ टक्के. त्या वजाबाकीत आम्ही पण आहोत. दर शनिवारी पूल ओलांडून न्यू जर्सीत भाजी आणायला जातो, गणपतीच्या महाप्रसादाची कोल्ड्रिंक्स तिकडूनच येतात. मंडळाच्या खजिनदारांचा तसा ठराव आहे.

शिकागोजवळच्या कुक काउंटीत तर २०१७ च्या ऑगस्टमध्ये लावलेला कर लोकांनी इतका आरडाओरडा केला की डिसेंबरात गेलासुद्धा. डेन्मार्कने कित्येक दशकांचा कर २०१४ मध्ये काढून टाकला, लोक गाड्या भरभरून जर्मनीतून आणायचे.

---

वजनदार | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

३८ टक्के म्हणजे काही कमी नाहीत हो. माझी डाएटिशियन ५ टक्क्यांवर पेढे वाटते. (साखर नसलेले.)

---

कडूजिरं | मंगळवार, रात्री ८:१०

सगळे परदेशातून पोस्टी टाकतायत. इथल्या गरिबाचं बोला. बांधकामावरचा माणूस उन्हात दहा रुपयांची थंड बाटली पितो, तेवढीच त्याची चैन. तुम्ही एसीत बसून त्याच्या चैनीवर कर लावणार आणि त्याला त्याचं भलं म्हणणार. श्रीमंताच्या साठ रुपयांच्या कोल्ड कॉफीत किती चमचे साखर असते, तो कोण मोजतो?

[यानंतरचा एक प्रतिसाद वैयक्तिक शेरेबाजीमुळे काढला आहे. - व्यवस्थापक]

---

दंतकथा | मंगळवार, रात्री ११:२०

कोल्ड कॉफीचं अगदी बरोबर. त्यावरही लागावा, ग्रॅमप्रमाणे.

गरिबाचं म्हणाल तर करातले पैसे थोडे त्याच्या खिशातून जास्त जातात, खरं आहे. पण किडलेल्या दाताचं बिलही त्याच्याच खिशातून जातं, आणि मधुमेहाच्या पायाचंही. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह निघाला, आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. हे सगळे एसीत बसणारे नाहीत.

---

खडूफळा | बुधवार, सकाळी ७:५०

कडूजिरं यांच्या मुद्द्याला जोडून. मी जत तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. शाळेतल्या टाकीच्या पाण्याला क्लोरिनचा इतका वास येतो की पोरं तोंडाजवळ नेऊन परत ओततात. पाणी गाळायचं यंत्र बसवलं होतं, त्यातली गाळणीची कँडल संपल्यावर नवीन आलीच नाही. शाळेपासून हाकेच्या अंतरावर टपरी आहे, तिथे फ्रीज आहे. वीस रुपयांची पाण्याची बाटली आणि दहा रुपयांची रंगीत बाटली शेजारी शेजारी. सातवीतला पोरगा काय घेईल?

तुमच्या कराचे पैसे त्या कँडलला मिळणार असतील तर मी आनंदाने मत देते.

---

निवडुंग | बुधवार, दुपारी ४:४०

खडूफळा, तुमचं जत वाचून मला चियापासची आठवण झाली. कंपनीच्या कामाने मेक्सिकोत दोन वर्षं होतो, सुट्टीत तिकडे गेलो होतो. दक्षिणेकडचा डोंगराळ, गरीब, आदिवासी भाग. सान क्रिस्तोबाल शहरात नळाला पाणी धड नाही, पण शहराला लागूनच कोल्याचा बाटलीबंद कारखाना. जवळच चामुला गावचं चर्च आहे. आत बाकं नाहीत, जमिनीवर पाइनच्या सुया पसरलेल्या, शेकडो मेणबत्त्या, आणि मेणबत्त्यांसमोर नैवेद्याला कोल्याच्या बाटल्या! ढेकर आला की अंगातली बाधा बाहेर पडते असं मानतात. मी हात जोडून उभा होतो आणि शेजारची आजीबाई ढेकर देत होती.

अशा देशात तो कर लागला, हे आधी लक्षात घ्या. त्या देशाचे एक राष्ट्राध्यक्ष, विसेंते फॉक्स, राजकारणात यायच्या आधी तिथल्या कोका-कोलाचे प्रमुख होते.

कर लावताना त्यातून शाळांमध्ये पिण्याच्या पाण्याची सोय करू असा शब्द दिला होता. त्याबद्दल तिथल्या माझ्या सहकाऱ्यांना विचारलं की ते नुसतं हसायचे. पण दुसऱ्या वर्षी खरेदीतली घट वाढलेली दिसली, साडेपाचवरून पावणेदहा टक्क्यांच्या आसपास. पुढे २०२० मध्ये पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के आले, 'साखर जास्त' असं ठसठशीत छापलेले. माझ्या घरमालकिणीची नात ते शिक्के मोजायची, "याला तीन आहेत, हे वाईट." मार्च २०२५ पासून शाळांत असले पदार्थ विकायलाच बंदी. एकट्या कराने काय झालं आणि शिक्क्याने काय, हे वेगळं काढणं कठीण. वजनदार, तुम्ही सांगा.

---

वजनदार | बुधवार, संध्याकाळी ६:००

नाही काढता येत. पण आपल्याकडे मात्र कर आहे, शिक्का नाही. २०२२ मध्ये पाकिटावर तारे छापायचा मसुदा आला होता. तारे! कोल्यालाही तारा. आपल्याकडे ताऱ्यांनी हॉटेल निवडतात, लोक म्हणतील चला, काहीतरी मिळालंय.

---

रानजाई | बुधवार, रात्री १०:१५

एवढं सगळं वाचून माझं मत थोडं बनलंय. दर किती, यापेक्षा कर कशाला चिकटवलाय ते महत्त्वाचं. ४० टक्क्यांचा कर असून कोल्याला साखर कमी करायचं कारण नाही, आणि ५ टक्क्यांमुळे आंब्यावाल्याला तर उलट बक्षीसच. पण मूळ कोडं सुटलं नाही. ४० टक्के म्हणजे काही थोडा कर नव्हे. मग बाटली दहा रुपयांना मिळतेच कशी? इथे कुणी दुकानदार आहे का?

---

हिशेबनीस | बुधवार, रात्री १०:४०

छापील किमतीवर ढोबळ हिशेब: १० रुपयांच्या कोल्यात कर २ रुपये ८६ पैसे. १० रुपयांच्या आंब्याच्या पाकिटात ४८ पैसे. दोन्ही गिऱ्हाइकाला दहालाच. कर किमतीत दिसलाच नाही तर गिऱ्हाइकाचा हात कशाला थांबेल?

पाणी आणि साखर स्वस्त, बाटली आणि वाहतूक महाग, बाकी जाहिरात. त्यात २०२३ मध्ये रिलायन्सने कॅम्पा परत आणून २०० मिलीची बाटली १० रुपयांना लावली, मग बाकीच्यांनाही खाली यावं लागलं. कर जिथल्या तिथे, स्पर्धेने भाव पाडला. २००३ मध्ये कोक पाच रुपयांना मिळायची ती जाहिरात आठवते का? वीस-बावीस वर्षांत बाकी सगळं कुठल्या कुठे गेलं, आणि हे पाचाचं दहा. पगाराच्या मानाने कोल्ड्रिंक स्वस्तच झालंय. मेक्सिकोसारखा लिटरमागे ठरावीक रक्कम असा कर असता तर स्वस्त बाटलीलाही तेवढाच टोचला असता. टक्केवारीचा कर बाटली स्वस्त झाली की स्वतःही घटतो.

---

कोपऱ्यावरचा | गुरुवार, दुपारी ३:२०

मी वाचतो नेहमी, लिहीत नाही. इचलकरंजीत छोटं किराणा दुकान आहे. विचारलंय म्हणून सांगतो.

दर बदलले तेव्हा कंपनीचा माणूस आला, यादी देऊन गेला. बिस्किटं, चॉकलेट, फरसाण, सगळं ५ टक्क्यांत. काहींचं वजन वाढून आलं, काहींची किंमत उतरली. कोल्ड्रिंकच्या यादीत काहीच बदल नाही. फ्रीज कंपनीचाच आहे, वरचे दोन कप्पे त्यांच्या मालाचे, तिथे पाणी ठेवलं तर माणूस येऊन काढायला लावतो.

तुमचा धागा वाचून काल संध्याकाळी लक्ष ठेवलं. साडेपाच ते साडेसात, शाळा आणि क्लास सुटायची वेळ. पोरं नाव घेऊन मागतच नाहीत. गल्ल्यावर दहाचं नाणं ठेवतात आणि म्हणतात, "काका, दहावालं द्या." मी विचारतो, "कुठलं?" तर फ्रीजकडे बघून म्हणतात, "जे जास्त गार असेल ते."

एकाला मी मुद्दाम ताक दिलं. ते पंधराला आहे. त्याने नाणं उचललं आणि समोरच्या दुकानात गेला.

---

खडूफळा | गुरुवार, दुपारी ४:०५

काका, ताक खालच्या कप्प्यात होतं ना?

---

कोपऱ्यावरचा | गुरुवार, रात्री ९:३०

हो. सगळ्यात खाली, दह्याच्या मागं.